प्रोस्टेटच्या ऑपरेशनात साधं पाणी, ग्लायसिन की सलाईन?

अमळनेरहून एका मुलाने विचारलंय. वडील ७२ वर्षांचे, प्रोस्टेट सोनोग्राफीत ७० ग्रॅम, दोनदा लघवी तुंबून नळी टाकावी लागली. एका सर्जननी सांगितलं, दुर्बिणीतून नेहमीचं ऑपरेशन करू, ग्लायसिन लावून. दुसरे म्हणाले, आमच्याकडे बायपोलर मशीन आहे, सलाईनवर करू, खर्च थोडा वाढेल. आणि घरातले थोरले काका सांगतात, माझं तर कित्येक वर्षांपूर्वी साध्या पाण्यावर झालं, मला काही झालं नाही, उगाच पैसे घालवू नका. वडिलांच्या हृदयाची पंपिंग ४० टक्के आहे, बीपीची गोळी चालू आहे, रक्तातलं सोडियम १२९ आलंय, शिवाय ऐकायला कमी येतं. तर या तीन पाण्यांत फरक काय, आणि कोणतं निवडायचं?

मी सर्जन नाही, भूल देते. जळगाव, धुळे आणि अधूनमधून नंदुरबार, या पट्ट्यात गेली सव्वीस वर्षं प्रोस्टेटच्या पेशंटच्या डोक्याशी बसते आहे. म्हणून हे उत्तर डोक्याच्या बाजूने दिलेलं आहे असं समजा. सर्जनला पडद्यावर ग्रंथी दिसते. ते पाणी माणसाच्या अंगात शिरल्यावर त्याचं काय होतं, ते आम्हाला दिसतं.

आधी थेट उत्तर देते. तुमच्या वडिलांसाठी सलाईन, म्हणजे बायपोलर किंवा लेझर. मात्र सोडियम १२९ इतकं उतरलेलं असताना लगेच टेबलावर घेऊ नये. आणि सलाईन लावलं म्हणजे चिंता मिटली, असं तर अजिबात धरू नये. आता कारणं सांगते.

हे पाणी लागतं कशाला, इथून सुरुवात करू. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाला तारेचा एक लूप असतो, त्यातून करंट जातो आणि ग्रंथीचे बारीक काप निघतात. काप निघाला की रक्त येतं, रक्त आलं की पडदा लाल होतो, आणि लाल पडद्यावर कोणीच काही कापू शकत नाही. म्हणून वरच्या स्टँडला तीन-तीन लिटरच्या बॅगा लावून पाणी सतत आत सोडतात. ते मूत्राशय फुगवून जागा करतं, रक्त धुऊन नेतं आणि खालच्या बादलीत पडतं. एका ऑपरेशनला १५ ते २० लिटर सहज लागतं, कधी त्याहून जास्त.

अडचण अशी की सगळं पाणी बादलीत येत नाही. ग्रंथीच्या भोवती शिरांचं जाळं असतं. काप घेताना त्या शिरा उघड्या पडतात आणि वरून दाबाने येणारं पाणी त्यांतून सरळ रक्तात शिरतं. किती? सर्वसाधारणपणे मिनिटाला १० ते ३० मिलिलिटर असा हिशेब धरतात. तासभर चाललेल्या ऑपरेशनात एक-दीड लिटर आत गेलं तर त्यात नवल नाही. मोठी शीर उघडली किंवा ग्रंथीचं कवच फाटलं, तर हा आकडा दुपटीवर जातो. म्हणजे आपण बाहेरून धुतोय असं वाटत असतं, पण खरं तर न ठरवता पेशंटला शिरेतून एक मोठी बाटली चढत असते. त्या बाटलीत काय आहे, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

काकांच्या साध्या पाण्यापासून घेऊ. ते नळाचं पाणी नव्हे, निर्जंतुक केलेलं, आम्ही ज्याला डिस्टिल्ड किंवा स्टराईल वॉटर म्हणतो ते. त्याचे दोन मोठे गुण. स्वस्त आहे, आणि दिसतं आरशासारखं स्वच्छ. पण ते इतकं स्वच्छ का दिसतं? कारण त्यात आलेल्या रक्तपेशी फुटून जातात आणि पाण्याचा गढूळपणा राहत नाही. रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी फुगून त्याचं साल फाटतं, तसंच. पेशीच्या आत क्षार आहेत, बाहेर काहीच नाही, म्हणून पाणी आत ओढलं जातं आणि पेशी फुटते. मूत्राशयात हे घडलं तर सर्जनला बरंच. हेच रक्तवाहिनीत घडलं की फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोकळं होतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतं. पोटॅशियम वाढतं, सोडियम खाली येतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रीव्ही यांनी १९४७ साली हे दाखवून दिलं की प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचे कितीतरी मूत्रपिंडाचे बिघाड या पाण्यामुळे होतात. लगेच पुढच्या वर्षी, १९४८ ला, मिशिगनच्या नेस्बिट आणि ग्लिकमन यांनी ग्लायसिनचं द्रावण वापरायला काढलं.

मग काकांना काही का झालं नाही? बहुधा त्यांची ग्रंथी लहान होती, सर्जनचा हात झपाट्याचा होता, वीस-पंचवीस मिनिटांत काम आटोपलं आणि फार पाणी आत गेलंच नाही. खानदेशात कित्येक वर्षं असंच चाललं आणि बहुतेक माणसं चालत घरी गेली, हे मी नाकारत नाही. ज्या गावात ग्लायसिन वेळेवर मिळत नव्हतं, तिथे पेशंटची लघवी मोकळी करायला हाताशी होतं ते वापरलं. त्या सर्जनना मी दोष देणार नाही. पण ७० ग्रॅमची ग्रंथी, ४० टक्क्यांचं हृदय आणि आधीच उतरलेलं सोडियम या तिन्हीवर साधं पाणी लावायचं म्हटलं, तर मी भूल द्यायला नाही म्हणेन. काकांना आदराने सांगा, त्यांची गोष्ट वेगळी होती.

ग्लायसिन म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनांचा सगळ्यात साधा घटक. पाण्यात १.५ टक्के, म्हणजे लिटरमागे १५ ग्रॅम. रक्ताचा घट्टपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची तीव्रता, २८० ते २९५ च्या घरात असते. ग्लायसिनच्या या द्रावणाची २०० च्या आसपास. रक्तापेक्षा पातळच, पण साध्या पाण्यासारखं शून्य नाही, म्हणून पेशी फुटत नाहीत. दृश्य स्वच्छ राहतं. आणि त्यात करंट वाहत नाही. ही शेवटची गोष्ट जुन्या मशीनसाठी महत्त्वाची. जुन्या मोनोपोलर मशीनमध्ये करंट लूपमधून निघतो, शरीरातून जातो आणि मांडीखाली लावलेल्या पॅडमधून परत येतो. भोवती मिठाचं पाणी असेल तर करंट त्यातच पसरतो आणि लूप कापतच नाही. म्हणून त्या मशीनवर 'ग्लायसिन नको, सलाईन लावा' असा आग्रह धरून उपयोग नाही. पाणी कोणतं हे मशीनवरून ठरतं. तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन पाणी सांगितली, त्याचं मूळ दोघांच्या मतांत नसून दोघांच्या मशीनमध्ये आहे.

ग्लायसिन रक्तात गेलं की दोन गोष्टी होतात. एक, पाणी वाढून सोडियम पातळ होतं. तासाभरात एक लिटर आत गेलं तर सोडियम साधारण ५ ते ८ ने उतरतं. १४० वाल्याचं १३३ झालं तर त्याला कळतही नाही. तुमच्या वडिलांचं १२९ आहे, त्यांचं १२२ होईल, आणि १२० च्या खाली मेंदूला सूज, गोंधळ, झटके यांचं क्षेत्र सुरू होतं. दुसरी गोष्ट ग्लायसिनची स्वतःची. हा पदार्थ मज्जातंतूंमध्ये संदेश दाबण्याचं काम करतो, डोळ्याच्या पडद्यातसुद्धा. रक्तात तो अचानक वाढला की दृष्टी मंदावते, कधी पूर्ण जाते. शरीरात त्याचं विघटन होताना अमोनिया तयार होतो, त्याने माणूस सुस्त पडतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पाहिलं २००६ च्या डिसेंबरात. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. भारनियमनाचे दिवस, जनरेटरवर ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, चालू. पारोळ्याकडचे एक शेतकरी आजोबा, पाठीत भूल दिलेली, शुद्धीत. मी त्यांच्याशी कापसाच्या भावावरून बोलत होते. आजोबा अहिराणीत छान रंगवून सांगत होते, कोणत्या व्यापाऱ्याने वजनात कसं मारलं वगैरे. पन्नास मिनिटं झाली तशी उत्तरं लहान होऊ लागली. मला वाटलं, थकले असतील. मग एक-दोन जांभया. मग म्हणाले, 'माले कसंतरी व्हई राह्यनं.' मी ऑक्सिजन वाढवला, बीपी पाहिला, १७० होता, नाडी ५४. आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, 'लाईट गयी का व माय?'

मी खरोखर मान वर करून पाहिलं. जनरेटर बंद पडला असावा असं क्षणभर वाटलं. ओटीचा दिवा लख्ख चालू होता, त्याचा प्रकाश त्यांच्या कपाळावर पडला होता, आणि ते उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत लाईट गेली का विचारत होते. बॅटरीचा झोत बुबुळावर मारला. बाहुली मोठी, जेमतेम हलली. मी सर्जनना म्हटलं, सर, थांबवा, आत्ता. ते थांबले, रक्त येणाऱ्या जागा जाळून पाच-सात मिनिटांत बाहेर आले. वॉर्डबॉय रक्ताची बाटली घेऊन मोटरसायकलने लॅबला गेला. सोडियम ११६.

पुढचे उपाय ठरलेले असतात. ऑक्सिजन, जादा पाणी काढायला लासिक्स, आणि तीन टक्क्यांचं घट्ट सलाईन अगदी थेंबाथेंबाने. घाई केली, सोडियम एकदम वर ओढलं, तर मेंदूच्या खोडातल्या मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं आणि ते नुकसान कायमचं असतं. २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढवायचं नाही, ही मर्यादा आम्ही पाळतो. आजोबांचा मुलगा बाहेर बाकावर बसून होता. त्याला सांगायचं होतं की वडिलांना सध्या दिसत नाहीये, पण दिसेल. ते वाक्य बोलायला मला दोन वेळा सुरुवात करावी लागली. रात्री नऊच्या सुमाराला आजोबांना ट्यूबलाईट धूसर दिसली. सकाळी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचून दाखवला.

त्या दिवशी चूक कुठे झाली, ते मी नंतर बारकाईने शोधलं. ग्रंथीतली एक मोठी शीर उघडली होती, हे खरं. पण पडदा लाल झाला म्हणून कोणीतरी स्टँड पूर्ण वर चढवला होता आणि मी विचारलं नव्हतं. रिकाम्या बॅगा सिस्टर कचऱ्यात टाकत होत्या. किती बॅगा लागल्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ग्लायसिनने त्रास दिला हे खरं, पण ते मोजलं न गेल्यामुळे त्रास इतका वाढला, हा माझा निष्कर्ष आहे. त्यातला निम्मा दोष माझा.

तेव्हापासून मी ज्या ओटीत जाते तिथे रिकामी बॅग टाकू देत नाही. भिंतीपाशी ओळीने ठेवायच्या. खाली लिटरच्या खुणा केलेली बादली. भिंतीवरच्या पाटीवर सिस्टर दोन रकाने करतात, 'गेलं' आणि 'आलं'. दर दहा मिनिटांनी मी मोठ्याने विचारते आणि त्या मोठ्याने सांगतात, म्हणजे सर्जनच्याही कानावर पडतं. हिशेब काटेकोर जमत नाही. थोडं फरशीवर सांडतं, थोडं चादरीत मुरतं, त्यात रक्त आणि लघवीही मिसळलेली असते. तरी बारा लिटर गेलं आणि साडेदहा आलं, तर दीड लिटर कुठेतरी आहे, आणि ते फरशीवर दिसत नसेल तर पेशंटमध्ये आहे. ग्लायसिन असेल तर एक लिटरचा फरक पडला की मी सोडियम पाठवते आणि सर्जनना आवरतं घ्यायला सांगते. स्वीडनमध्ये हान नावाच्या भूलतज्ज्ञांनी पाण्यात एक टक्का अल्कोहोल मिसळून पेशंटच्या श्वासातलं अल्कोहोल मोजायची पद्धत रूढ केली. त्यावरून आत किती गेलं हे तिथल्या तिथे कळतं. फार हुशार पद्धत आहे. आपल्याकडे ती नाही, आपल्याकडे बादली आहे, आणि बादली नीट वापरली तर पुष्कळ सांगते.

स्टँडच्या उंचीबद्दल केळीच्या बागेत ठिबक बसवणाऱ्या माणसाला जास्त समजवावं लागत नाही. टाकी जितकी वर, तितका दाब. बॅग पेशंटच्या पातळीपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी असा साधारण नियम आहे. अंधुक दिसतंय म्हणून स्टँड वर चढवायचा मोह होतो, पण त्याच वेळी शिरा उघड्या असतात, म्हणजे नेमका नको तेव्हा दाब वाढतो. वेळेचीही एक मर्यादा आहे. मेबस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली १३ संस्थांतल्या ३,८८५ पेशंटचा अभ्यास मांडला. त्यात हे पाणी चढण्याचं दुखणं, ज्याला आम्ही टीयूआर सिंड्रोम म्हणतो, २ टक्के लोकांना झालं होतं. आणि ग्रंथी ४५ ग्रॅमहून मोठी किंवा ऑपरेशन ९० मिनिटांहून लांबलेलं असेल तर त्रास वाढत होता. ग्लायसिनवर काम करणारे बहुतेक सर्जन म्हणूनच तासाभरात आटोपतात. राहिलेली ग्रंथी नंतर काढता येते.

ग्लायसिन आणि पाण्याशिवाय आणखी काही द्रावणं आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. मॅनिटॉल ५ टक्के रक्ताच्या जवळपास जातं, २७५, पण ते रक्तात गेलं की इकडचं तिकडचं पाणी ओढून आधी रक्ताचं आकारमान वाढवतं, कमजोर हृदयाला ते झेपत नाही. सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज होतं, मधुमेहींची साखर चढते. ग्लुकोजच्या पाण्याने तर साखर चढतेच, शिवाय लूपवर जळून चिकट थर बसतो आणि सर्जनचे हातमोजे चिकटतात. आपल्या भागात ही द्रावणं फारशी कोणी लावत नाही.

आता सलाईन. ०.९ टक्के, लिटरमागे ९ ग्रॅम मीठ, कणांची तीव्रता ३०८, रक्ताच्या जवळपास बरोबरीची. बायपोलर मशीनमध्ये करंट जातो आणि येतो तो दुर्बिणीच्या टोकाशीच, दोन धृवांच्या मधल्या मिठाच्या पाण्यातून. म्हणजे इथे मीठ अडथळा नसून गरजेचं आहे. २००० नंतर ही मशीनं आली आणि हळूहळू आपल्याकडेही पोचली. होल्मियम लेझरने ग्रंथी सोलून काढतात, तेही सलाईनवरच. सलाईन रक्तात गेलं तरी सोडियम उतरत नाही, पेशी फुटत नाहीत, डोळ्यांना काही होत नाही. कॉक्रेन ही अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१९ च्या आढाव्यात ५९ चाचण्या, जवळजवळ ९ हजार पेशंट एकत्र करून मोनोपोलर आणि बायपोलर यांची तुलना केली. लघवीचा त्रास कमी होण्यात दोन्ही सारखेच. पण बायपोलरमध्ये टीयूआर सिंड्रोम कमी आणि रक्त चढवायची गरजही बहुधा कमी. म्हणजे ग्लायसिनवर झालं म्हणून लघवीची धार कमी मोकळी होते असं काही नाही. फरक आहे तो ऑपरेशनच्या दिवसाच्या सुरक्षिततेत.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण गेल्या काही वर्षांत माझी जास्त काळजी सलाईनवरच्या पेशंटबद्दल असते. बायपोलर आलं आणि ओटीतली शिस्त सैल झाली. 'सलाईनच आहे ना, चालू द्या.' दीड तास, पावणेदोन तास. पाटीवरचे रकाने रिकामे. पण सलाईनही तेवढंच आत जातं जेवढं ग्लायसिन जायचं. शिरेला आत काय शिरतंय याच्याशी देणंघेणं नसतं. दोन लिटर आत गेलं म्हणजे १८ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. म्हणजे साडेतीन दिवसांचं मीठ आणि दोन लिटर पाणी तासाभरात थेट रक्तात. धडधाकट माणूस लघवीवाटे काढून टाकतो. ४० टक्के पंपिंग असलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, पाणी फुप्फुसात साठतं. रक्तात क्लोराईड वाढून आम्लता चढते. आणि वाईट भाग असा की सलाईन आधी काही सांगत नाही. ग्लायसिनवाला माणूस जांभया देतो, बडबडतो, दिसत नाही म्हणतो. सलाईनवाला नीट बोलत असतो, आणि मग रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९८ वरून ९१ ला येतं आणि छातीत बारीक खरखर ऐकू येते. म्हणून हृदयाच्या पेशंटला सलाईन असलं तरी एक लिटरच्या फरकाला मी सर्जनना सांगते, धडधाकट माणसाला दोन लिटरला. ही माझी स्वतःची रेघ आहे, दुसऱ्या भूलतज्ज्ञाची थोडी इकडेतिकडे असेल.

तरीही, दोन धोक्यांत निवडायचं असेल तर मी सलाईनच निवडेन. फुप्फुसातलं पाणी लासिक्स आणि ऑक्सिजनने बहुतेक वेळा आवरतं. ११६ सोडियमवर फिट आलेला म्हातारा माणूस आवरणं फार अवघड.

पाण्याच्या तापमानाबद्दल कोणी विचारत नाही, पण आपल्या भागात विचारायला हवं. जळगावचा मे ४५ च्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली उतरतो. पाठीच्या भुलेने पायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंगातली उष्णता निघून जाते, आणि त्यात वीस लिटर गार पाणी पोटाच्या तळाशी फिरतं. पेशंट हुडहुडतो. हुडहुडीत ऑक्सिजनची गरज वाढते, हृदयावर ताण येतो, आणि मला कळेनासं होतं की ही थंडी आहे की पाणी चढलंय. थंडीच्या दिवसांत बॅगा ३७ अंशांच्या आसपास गरम करून लावाव्यात. कोमट पाण्याने रक्त जास्त जातं ही भीती मनातून काढून टाका. उन्हाळ्यात उलटं बघावं लागतं, पत्र्याच्या स्टोअरमध्ये पडलेली बॅग अंगापेक्षा गरम नाही ना, हे.

आता तुमच्या वडिलांचं सोडियम १२९. ही गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि दोन्ही ठिकाणी तिच्यावर चर्चा झालेली तुमच्या लिहिण्यातून दिसत नाही. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर बघा, 'हायड्रोक्लोरोथायाझाइड' किंवा 'क्लोरथॅलिडोन' असं काही लिहिलंय का. लघवी वाढवणाऱ्या या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं सोडियम फार वेळा उतरतं, उन्हाळ्यात तर जास्तच. पण कमजोर हृदयामुळेही उतरतं, त्याचा उपाय वेगळा. गोळी स्वतःहून बंद करू नका. फिजिशियनकडे जा, पाकीट आणि रिपोर्ट दोन्ही न्या. ते गोळी बदलतील, काही दिवसांनी पुन्हा तपासतील. नळी असेल तर ऑपरेशन आठ-पंधरा दिवस पुढे गेल्याने बिघडत नाही. वडील ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असतील तर तेही त्याच भेटीत सांगा.

खर्चाबद्दल. सलाईन ही जगातली सगळ्यात साधी बाटली आहे, ते महाग नाही. पैसे लागतात ते मशीनचे आणि बायपोलर लूपचे. तेव्हा बिल वाढणार असेल तर कशामुळे, हे विचारायला संकोच करू नका. बायपोलर परवडत नसेल आणि ग्लायसिनवरच करायचं ठरलं, तर तेही नीट होऊ शकतं. मी अशा शेकडो पेशंटना भूल दिली आहे. फक्त तेव्हा विचारा की ७० ग्रॅममधली किती काढणार, तासात थांबणार का, ओटी चालू असताना सोडियमचा रिपोर्ट किती वेळात मिळतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बाहेरच्या लॅबला पाठवतो, संध्याकाळी येतो' असं आलं, तर तुमच्या वडिलांसाठी ती जागा नव्हे. वडिलांच्या हृदयाकडे बघता आयसीयूची सोय त्याच इमारतीत असावी.

ऑपरेशननंतर वॉर्डमध्ये तीन तोंडांच्या नळीतून धुणं चालू राहतं, रात्रभर. हे धुणं सलाईनचंच असतं, ऑपरेशन कशावरही झालेलं असो. तुमचं काम एवढंच की नळीतलं पाणी फिकट गुलाबी आहे की गडद होतंय हे बघत राहायचं, आणि बाहेर येणं थांबलं तर लगेच सिस्टरला बोलवायचं; गुठळी अडकली तर मूत्राशय फुगतं. धुण्याची मोठी बॅग आणि हातातल्या शिरेची बाटली एकाच स्टँडवर लटकत असतात. नातेवाइकांनी बॅग बदलू नये, मदत म्हणूनसुद्धा नाही. आणि पहिल्या रात्री वडील असंबद्ध बोलायला लागले, उलट्या झाल्या, धाप लागली किंवा पोट टणक होऊन दुखायला लागलं, तर 'म्हातारपण आहे, झोपतील' असं म्हणून गप्प बसू नका. कवचाला भोक पडून पाणी पोटात साठलं असेल तर ते उशिराने रक्तात उतरतं, त्रास वॉर्डमध्ये आल्यावर सुरू होतो.

शेवटी तुम्ही लिहिलंय की वडिलांना कमी ऐकू येतं आणि कानाचं यंत्र ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवायला सांगितलंय. हे भूलतज्ज्ञांशी आधीच्या भेटीत बोला. पाठीच्या भुलेत पेशंट जागा असतो, आणि पाणी, विशेषतः ग्लायसिनचं, चढायला लागलं की पहिली खबर त्याच्या बोलण्यातून येते, मॉनिटरच्या आधी. त्याला माझं बोलणं ऐकूच आलं नाही तर माझी निम्मी तपासणी गेली. बहुतेक वेळा यंत्र कानात ठेवता येतं. करंटच्या वाटेपासून ते लांब असतं. ठेवणार नसतील तर हाताने खुणा ठरवून घ्या. वडील घरी अहिराणी बोलतात का, तेही सांगून ठेवा. आणि ते कशाबद्दल मनापासून बोलतात, नातवाबद्दल, बैलजोडीबद्दल, केळीच्या भावाबद्दल, ते एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या फाइलला लावा. मला अशी चिठ्ठी मिळाली की मी ती टेबलापाशी चिकटपट्टीने लावून ठेवते.